चंदेरीचा वारस

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात निनाद जी गाडी चालवायचा ती तशी त्याची नव्हती. कागदोपत्री होती. रेजो, म्हणजे रजिस्ट्रेशन, त्याच्या नावावर, इन्शुरन्स त्याच्या नावावर, आणि बंद पडली की ढकलण्याचा मानही त्याचाच. बाकी सगळ्या अर्थांनी ती पाच जणांची होती, आणि त्यातले चार जण शेकडो-हजारो किलोमीटर लांब बसून तिची काळजी करायचे.

त्याचं असं झालं, की २००९ साली उल्हास नावाच्या एका इंजिनिअरने ही चंदेरी रंगाची, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची गाडी एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतली. दोन वर्षांनी त्याला सिडनीत नोकरी लागली. निघताना त्याने गाडी विकली नाही. नुकताच देशातून आलेला यतिन स्टॉपवर बसची वाट बघत उभा होता. टूवूंबात बसची वाट बघणं हा एक स्वतंत्र छंद आहे. उल्हासने त्याच्या हातात किल्ली, नारळ आणि पेढ्यांचा डबा ठेवला आणि म्हणाला, "ही विकायची नाही. तुझं बस्तान बसलं, की पुढच्या नवीन आलेल्या मराठी माणसाला द्यायची." यतिनने बॉनेटवर हात ठेवून शब्द दिला. पुढे यतिनने विनिताला दिली, विनिताने माधवला, माधवने निनादला. दर वेळी नारळ, पेढे आणि बॉनेटवर हात.

आता उल्हास सिडनीतल्या हॅरिस पार्कात होता, विनिता मेलबर्नमधल्या क्लेटनला, यतिन पर्थला. माधव कुठे होता ते नक्की माहीत नव्हतं. तो 'चंदेरी परिवार' नावाच्या ग्रुपवर होता आणि २०१९पासून कुठल्याही मेसेजला फक्त अंगठा दाखवत होता. यतिनने या गाडीत एका मुलीला लग्नाची मागणी घातली होती. ती नाही म्हणाली, पण गाडी चालू झाली नाही म्हणून तिला आणखी चाळीस मिनिटं तिथंच बसावं लागलं, आणि तेवढ्यात तिचं मत बदललं. विनिता हीच गाडी चालवून पीएच.डी. झाली होती. गाडीचा मुलगी म्हणून उल्लेख व्हायचा आणि वाढदिवसाला केक व्हायचा.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही होती. पाच जणांच्या हस्ताक्षरांत लिहिलेली. तिच्या तिसऱ्या पानावर गाडी चालू करायची पद्धत होती: 'किल्ली अर्धी फिरवा. पेट्रोलचा काटा उठेपर्यंत थांबा. हेडलाइट दोनदा चालू-बंद. पंखा बंद. डावीकडचं दार उघडून जोरात आपटा. आता किल्ली पूर्ण.' त्याखाली वेगळ्या अक्षरात: 'थंडीत दार दोनदा.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात: 'मनात शंका आणू नये.'

निनादची बायको चारुता हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, एका सकाळी, काचेवर हिम साठलेलं असताना, सातच्या शिफ्टला निघालेल्या चारुताने ते दार अकरा वेळा आपटलं. शेजारच्या दोन नंबरच्या युनिटमधला माणूस ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आला आणि हळू आवाजात विचारू लागला, "घरी सगळं ठीक आहे ना? कुणाशी बोलायचं असेल तर मी आहे." चारुता टॅक्सीने गेली. संध्याकाळी आली ती इलेक्ट्रिक गाडीचं माहितीपत्रक घेऊनच.

निनादने लगेच नाही म्हटलं नाही. तो पाणीपुरवठ्याच्या नकाशांवर काम करायचा आणि त्या खात्यात लगेच नाही म्हणायची पद्धत नसते. तो म्हणाला, "विचार करू." मग त्याने चार महिने विचार केला.

"नवी गाडी बनवताना केवढा धूर होतो माहितीये?" तो म्हणायचा. "आपली तर बनून झालीये. तिचा धूर केव्हाच होऊन गेला."

"रोज सकाळी होतो तो काय मग? धूप?"

"बरं, वीज कशावर बनते इथे? निम्म्याहून जास्त कोळशावर."

"दुपारी छपरांवर एवढी वीज बनते, की कुठे घालू असं झालंय. दुपारी चार्ज कर. तसंही तू वर्क फ्रॉम होम असतोस आणि झोपतोस."

"आणि चार्ल्व्हिलला जायचं झालं तर? सहाशे किलोमीटर आहे."

"चार्ल्व्हिलला आपलं कोण आहे?"

"आत्ता नाहीये कुणी," निनाद म्हणाला. "पण उद्या झालं तर?"

शेवटी नोव्हेंबरात ते टेस्ट ड्राइव्हला गेले. निनाद गाडी घेऊन ब्रिस्बेनच्या दिशेने डोंगर उतरला आणि पायथ्याशी पोचल्यावर बघतो तो उतारावर चार्ज होऊन बॅटरी वाढलेली. आयुष्यात पहिल्यांदाच प्रवास करून त्याच्याकडे काहीतरी जास्त झालं होतं. तिथेच तो विरघळला. परत वर चढताना ते सगळं खर्च झालं, पण तोवर मनातल्या मनात सही झाली होती.

गाडी येणार होती शनिवारी दोन वाजता. युनिटला गॅरेज एकच, त्यात चार्जर बसलेला.

"चंदेरीला रस्त्यावर ठेवू थोडे दिवस," निनाद म्हणाला.

"नाही. रस्त्यावर राहिली की ती रस्त्यावरच म्हातारी होणार. ऐक, मी रेकर्सना फोन केलाय. शनिवारी बाराला ट्रक येतोय. फुकट उचलतात, तोडून पार्ट विकतात. बाराच्या आत तुला कुणी सापडला तर दे त्याला. नाहीतर ट्रक."

"चारू, मी बॉनेटवर हात ठेवून शब्द दिलाय!"

"मी लग्नात अग्नीभोवती फिरलेय. त्यात दार आपटायचं कुठे नव्हतं."

हा झाला मंगळवार. निनादकडे चार दिवस होते आणि एक नवीन मराठी माणूस शोधायचा होता. पूर्वी हे सोपं होतं. आता येणारे नवे लोक येतानाच नोकरी घेऊन यायचे आणि पहिल्याच महिन्यात कंपनीतर्फे लीजवर इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे. गरजू मराठी माणूस ही जात झपाट्याने कमी होत चालली होती. खूप चौकशी केल्यावर युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला ओजस नावाचा एक मुलगा सापडला. येऊन सहा आठवडे झाले होते, आणि गाडी नव्हती. निनादने त्याला बुधवारी जेवायला बोलावलं. चारुताने भरली वांगी केली होती. ओजसने तीनदा वाढून घेतली, मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारली.

"एसी?"

"खिडकी आहे ना."

"ब्लूटूथ?"

"कॅसेट लागते. एक आत अडकलीये, पण चांगली आहे."

ओजसने अडकलेल्या कॅसेटवर एक नजर टाकली. मग फार मायेने म्हणाला, "दादा, राग मानू नका. पण माझ्या व्हॅल्यूजमध्ये पेट्रोल बसत नाही."

"अरे पण तू आलास कसा?"

"मित्राच्या कारने. तो बाहेर थांबलाय." बाहेर खरंच एक भलंमोठं डिझेलचं धूड घुरघुरत उभं होतं. "ते त्याच्या व्हॅल्यूजमध्ये आहे," ओजस म्हणाला, आणि उरलेली वांगी डब्यात घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी निनाद गॅरेजमध्ये गाडी चालू करत होता. काटा उठला, दिवे दोनदा लागले-विझले, पंखा बंद, दार आपटलं. इंजिन खोकून गप्प झालं. त्याने दार पुन्हा आपटलं, आणि वळून बघतो तो गॅरेजच्या तोंडाशी चार नंबरच्या युनिटमधली मॉरीन उभी. वय एकोणऐंशी, हातात चहाचा मग. तीन महिन्यांपूर्वी ती डाल्बी गावाकडची शेती मुलाच्या हवाली करून इथे राहायला आली होती.

"झालं का तुझं?" तिने विचारलं. "पूजा चालू असेल तर मी नंतर येते."

"कसली पूजा?"

"ही. दिव्यांची. मी रोज खिडकीतून बघते. आधी ते पुस्तक वाचतोस, मग दिवे ओवाळतोस, मग दार. काही सकाळी तर देव लवकर प्रसन्नच होत नाही. तुमचा धर्म आहे म्हणून मी तीन महिने काही बोलले नाही, लव्ह. नाहीतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की तुझ्या बॅटरीची टर्मिनलं गंजलीयेत."

निनाद बाजूला सरकला. मॉरीन आत आली आणि तिने बॉनेट उघडलं. निनादने ते बॉनेट शपथ घेण्यापुरतंच ओळखलं होतं. आत बॅटरीच्या डोक्यावर पांढरट-हिरवं काहीतरी फुललं होतं, जुन्या लोणच्यावर येतं तसं. मॉरीनने घरून गरम पाणी, खायचा सोडा आणि दात घासायचा जुना ब्रश आणला. वायर सोडवली, घासलं, पुसलं, पान्याने आवळलं. मग चालकाच्या जागी बसून तिने सरळ किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली. दिवे न ओवाळता.

"दार आपटलं की वायर हलायची आणि क्षणभर चिकटायची, एवढंच," मॉरीन म्हणाली.

निनादला तिसरं पान आठवलं. सोळा वर्षं, पाच माणसं, त्यात चार इंजिनिअर आणि एक पीएच.डी. त्याने हे ग्रुपवर कळवायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

"विकतोयस का हिला?" मॉरीनने विचारलं. "माझा मुलगा मला इलेक्ट्रिक घेऊन देतोय. लेन सोडली की ती बोलते म्हणे. आमचे हे पन्नास वर्षं शेजारच्या सीटवर बसून तेच करायचे. मला आता शांतता हवीये, आणि हाताला काम. जिचं बॉनेट उघडल्यावर आत काहीतरी दिसतं अशी गाडी."

निनादने बॉनेट हळूच मिटलं. मग त्याने तिला नियम सांगितला: गाडी नवीन आलेल्या मराठी माणसालाच जाते, म्हणजे महाराष्ट्रातल्या. मुंबई, पुणे, नाशिक, त्या बाजूच्या.

"नाशिक," मॉरीन म्हणाली. "ते देवळालीच्या जवळ का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"मी देवळालीला जन्मले. लष्करी हॉस्पिटलात. शेहेचाळीस साली. वडील ब्रिटिश आर्मीत होते. वर्षाची असताना आईने बोटीवर घातलं आणि इकडे आणलं. जन्मदाखला आहे माझ्याकडे."

गुरुवारी संध्याकाळी चंदेरी परिवाराची तातडीची व्हिडिओ बैठक भरली. मॉरीन निनादच्या डायनिंग टेबलाशी चष्मा लावून बसली होती आणि चारुता तिला चकल्या वाढत होती. निनादने जन्मदाखला कॅमेऱ्यासमोर धरला. देवळाली, मुंबई इलाखा.

"अरे, मग आपलीच की!" उल्हास हॅरिस पार्कातून ओरडला. "माझी मावशी नाशिक रोडला असते!"

"एक मिनिट, दादा," विनिता म्हणाली. ती मीटिंगमध्ये नेहमी एक मिनिट मागायची आणि वीस घ्यायची. "शेहेचाळीस साली महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्र साठ साली झाला. टेक्निकली त्या बसत नाहीत."

"मग माझे बाबा?" उल्हासने विचारलं. "ते पंचेचाळीसचे. ते महाराष्ट्रीयन नाहीत?"

"तुझे बाबा इंदूरचे आहेत."

"ते वेगळं."

"बरं, पण नवीन आलेल्या हव्यात," यतिन पर्थहून म्हणाला. "ऑस्ट्रेलियात येऊन किती झाली त्यांना?"

निनादने विचारून सांगितलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षं."

यतिनने विचार केला. "हं. म्हणजे बऱ्यापैकी सेटल झाल्या असतील."

"पण टूवूंबात तीनच महिने झालेत," निनाद घाईघाईने म्हणाला. "आणि युनिटमध्ये कुणाला ओळखत नाहीत. आपण आलो तेव्हा आपली काय वेगळी परिस्थिती होती?"

माधवच्या चौकोनात अंधार होता. त्यातून एक अंगठा वर आला.

"ओके," उल्हास म्हणाला, आणि इंग्रजीत, सासऱ्याच्या आवाजात सुरू झाला: "मॉरीन, ही गाडी आमच्यासाठी काय आहे हे तुम्ही समजून घ्या. तिला तुम्ही नीट सांभाळाल ना?"

मॉरीनने चकली खाली ठेवली. "मी पण एक विचारते," ती म्हणाली. "टायमिंग बेल्ट शेवटचा कुणी बदलला?"

स्क्रीनवर कुणी हललं नाही. निनादला वाटलं नेट गेलं.

"तो रबरी पट्टा असतो, इंजिनच्या आत," मॉरीन म्हणाली. "ठराविक वर्षांनी बदलायचा. चालत्या गाडीत तुटला, तर इंजिन संपलं. कुणी बदलला?"

"मी घेतली तेव्हा नवीन असेल ना," उल्हास म्हणाला. "यतिनने केला असेल."

"मला वाटलं तू करूनच दिलास," यतिन म्हणाला. "विनितानं?"

"माझं थिसिस चालू होतं! माधव?"

अंगठा हळूच खाली गेला. सगळे निनादकडे बघू लागले.

"वहीत असतं तर केला असता," निनाद म्हणाला.

मॉरीनने वही मागून घेतली. चारुताने तिला पानापानाचा अर्थ सांगितला. त्यात गाडीच्या वाढदिवसाच्या नोंदी होत्या, कुठल्या चढावर कुठला गिअर ते होतं, यतिनने केलेली चार ओळींची कविता होती. तेल बदलल्याची एक नोंद होती, तीही 'बहुतेक' या शब्दाने सुरू होणारी. मॉरीनने वही मिटली.

"तुम्ही हिच्यावर फार प्रेम केलंत," ती म्हणाली. "देखभाल कुणीच केली नाही. सोळा वर्षं ही तुमच्या आशीर्वादावर चाललीये. बेल्ट मी बदलते, नळ्या बदलते, अजून दहा वर्षं जाईल. जुनी गाडी चालवणं चांगलंच, उगाच धडधाकट वस्तू कशाला मोडायची? पण त्याला हात काळे करणारं माणूस लागतं." मग ती निनादकडे वळली. "तू इलेक्ट्रिकच घे, लव्ह. तुझ्यासारख्यांसाठीच निघालीये ती. तिला फारसं काही लागत नाही."

चार महिन्यांच्या चर्चेचा निकाल असा दोन वाक्यांत लागलेला बघून चारुताने तिच्या बशीत आणखी तीन चकल्या घातल्या.

ठराव पास झाला. विनिताने 'अपवादात्मक परिस्थितीत' हे शब्द घालायला लावले.

पण नाव बदलायचं तर क्वीन्सलँड राज्यात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. शुक्रवारी तपासणीत मेकॅनिकने एक टायर गोटा झालाय म्हणून सांगितलं, वायपर नापास केला, आणि आरशाला टांगलेले लिंबू-मिरची समोरचं दिसू देत नाहीत म्हणून उतरवायला लावले. ते लिंबू इतकं जुनं होतं, की त्याने ते हातोडीने ठोकून बघितलं. शनिवारी सकाळी नवा टायर मॉरीनने स्वतःच चढवला. निनाद शेजारी उभा राहून नट धरत होता. एकदा त्याने चुकीचा दिला, तेव्हा तिने तो परत घेतला आणि त्याला चहा करायला घरात पाठवलं.

पुन्हा तपासून सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत अकरा चाळीस झाले. गाडी अंगणात उभी राहिली, आणि मागोमाग रेकर्सचा ट्रक वळला. ट्रकवाला खाली उतरला, चंदेरीकडे बघून म्हणाला, "ही ना?" आणि साखळी सोडू लागला.

"बारा वाजायचेत!" निनाद ओरडला.

"नो वरीज, मेट. मी थांबतो." ट्रकवाल्याने साखळी गळ्यात घालून ठेवली. चारुताने त्याला पेढा दिला.

फोन कुंडीला टेकवून व्हिडिओ लावलेला होता. त्यात उल्हास झब्बा घालून बसला होता. मॉरीनला नारळ दिला गेला. तिने तो कानाशी हलवून बघितला आणि पसंत केला. बॉनेटवर हात ठेवायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आत्ताच चालवून आणलंय, चटका बसेल," आणि त्यावर ओलं फडकं ठेवून त्या फडक्यावर हात ठेवला. आता फक्त फॉर्मवर निनादची सही राहिली होती.

निनादने पेन घेतलं. अकरा अठ्ठेचाळीस झाले होते. फॉर्मवर लिहिलं होतं, 'विक्रेता'. त्याने तो शब्द दोनदा वाचला. मग विचारलं, "हॉर्न एकदा चेक करू का?"

"सर्टिफिकेटमध्ये आहे तो," चारुता म्हणाली.

"डिकीत माझं काही राहिलंय का बघतो."

डिकीत एक छत्री होती. ती त्याने फार सावकाश बाहेर काढली, उघडली, मिटली. ट्रकवाल्याने घड्याळ बघितलं आणि दुसरा पेढा घेतला. सहा वर्षांपूर्वी विमानतळावरून तो आणि चारुता याच गाडीतून आले होते. तेव्हा दोन बॅगा आणि एक कुकर सोडला तर या खंडात त्यांचं म्हणावं असं काहीच नव्हतं. चारुताने त्याच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच न रागावता.

"निनाद," ती म्हणाली, "तोडायला नाही जात रे. चार नंबरला जातेय."

त्याने सही केली. अकरा सत्तावन्न. फोनमधून यतिनचा हुंदका ऐकू आला, आणि त्यापाठोपाठ त्याच्या बायकोचा आवाज, की पुरे आता. ट्रकवाल्याने साखळी पुन्हा गुंडाळली आणि मॉरीनशी हस्तांदोलन केलं. दोन वाजता इलेक्ट्रिक गाडी आली. ती इतक्या गुपचूप आली, की ती आणणाऱ्यालाच बेल वाजवावी लागली.

सोमवारी सकाळी चारुता शिफ्टला निघाली. तिने ब्रेकवर पाय ठेवला, गाडी चालू झाली, प्रकरण संपलं. निनाद वरच्या खिडकीत ब्रश तोंडात घेऊन उभा होता. खाली मॉरीनने चंदेरी चालू केली आणि लगेच गिअर टाकला. लगेच. निनाद स्लिपर घालून जिन्यावरून धावला.

"मॉरीन, थांबा! ती पाच मिनिटं तापू द्यायची असते!"

मॉरीनने खिडकीची काच खाली केली. मागच्या सीटवर मोडकं कपाट आडवं घातलं होतं. "कुणी सांगितलं?"

"वहीत आहे."

"निनाद, गाडी कुणाची?"

निनादने पेस्ट गिळली. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते त्याला सहा वर्षांत कधी द्यावं लागलं नव्हतं.

"तुमची," तो म्हणाला.

"छान. मग बस आत. हे कपाट कचरा डेपोत टाकायचंय, आणि उचलायला एक माणूस हवाय."

तो डाव्या बाजूने आत बसला आणि दार हळूच ओढून घेतलं. ते एका हाताने लागलं. कोपऱ्यावरच्या चढाला वहीत दुसरा गिअर लिहिला होता; मॉरीनने गाडी तिसऱ्यातच ठेवली. निनादने तोंड उघडलं, बाहेरच्या जॅकरंडाच्या झाडाकडे बघितलं, आणि परत मिटलं. चंदेरी चढून गेली.